भिंतीबाहेरची मिस्सा

मी पंखा बोलतोय. कर्जत स्टेशनाजवळच्या रेल्वेवस्तीत किरिस्तावांचं एक लहानसं कौलारू देऊळ आहे, त्याच्या आढ्याला मी टांगलेला आहे. माझं अंग म्हणजे सागाची एक लांब फळी आणि तिच्याखाली पांढऱ्या कापडाची झालर. मला बांधलेली दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत जाते. तिथे बसून कोणीतरी ओढली की मी हलतो. स्वतःहून मी आजवर एक माशीदेखील हाकललेली नाही.

मला रेल्वेच्या भिवाजी सुताराने घडवलं. रंधा मारता मारता तो म्हणायचा, "देवाच्या घरात चाललास, नशीबवान हायस रं." बिचाऱ्याला वाटायचं, देवाच्या घरात सगळ्यांनाच वारा लागतो.

वर्षातले बरेच दिवस मी धूळ खात असे. देवळाला स्वतःचा पाद्री नव्हता, तो महिन्यातून एकदा मुंबईहून यायचा. गर्दी व्हायची ती फक्त मे महिन्यात. ड्रायव्हर-गार्डांची बोर्डिंगात शिकणारी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येत आणि त्यांच्यामागून मावश्या, आत्या, चुलत बहिणी. भक्ती किती असेल ते देव जाणे, मला वरून नुसत्या टोप्या दिसायच्या. उकाड्याची कुरकुर मात्र सगळे एका सुरात करीत. म्हणून तर मला आणलं, आणि तेही पुढच्या बाकांपुरतं.

दोरी ओढायचा गोमा. कडावकडचा शेतमजूर. पटकीच्या साथीत त्याचे आईबाप आणि पोरं गेली. तो आणि त्याची बायको सोनुबाई तापात पडले, तेव्हा गावातलं कोणी दारात उभं राहिलं नाही. एका पाद्रीने त्यांना उचलून नेलं, औषधपाणी केलं. बरे झाल्यावर दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. मेल्यावर एक लाकूडसुद्धा मिळायचं नाही, असं भावकीने बजावलं. देवळाच्या दफनभूमीत आपल्याला जागा आहे, एवढ्या भरवशावर गोमा राहिला. जिवंतपणी त्याची जागा पडवीत, तापलेल्या पत्र्याखाली होती. मिस्सा, म्हणजे पाद्रीची वेदीवरची उपासना, तो भोकातून ऐकायचा. आत घंटी वाजली की बाहेरच गुडघे टेकायचा, एका हाताने दोरी ओढत.

या लोकांचा एक कडक नेम आहे. पास्काच्या सणाच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरपासून पुढच्या काही आठवड्यांत, प्रत्येकाने एकदा तरी साक्रामेंत, म्हणजे पाद्रीच्या हातची पवित्र भाकर, घ्यायचीच. जो घेणार नाही त्याला दफनभूमी बंद. आणि घ्यायची तर मध्यरात्रीपासून पोट कोरडं हवं, पाण्याचा थेंबही चालत नाही.

त्या वर्षी पास्काच्या दिवसांतली पाद्रीची शेवटची फेरी मे महिन्यात आली. आधीच्या फेरीला सोनुबाईने नेम पाळला होता, गोमा मात्र तापाने अंथरुणावर होता. आता ही एकच संधी उरली होती. शनिवारी त्याने कुमसार केला, पाद्रीपुढे आपली पापं सांगितली. रविवारी तहानलेलाच दोरीवर बसला. देवळाचा कारभार रेबेलो गार्ड पाहायचा. त्याच्या पाहुण्या बायका नटत होत्या, तोवर मिस्सा अडून राहिली. मी मात्र हलत होतो, बाक गार राहावेत म्हणून.

सोनुबाई पाण्याचा लोटा घेऊन पडवीत आली.

"अवो, घोटभर पानी तरी प्या. तोंड बगा कसं सुकलंय."

"आज नाय. पानी पिलो तर साक्रामेंत भेटायचा नाय."

"आन मेलात तर?"

"मेलो तर पुरायला जागा तरी भेटंल."

तिला थांबायला सवड नव्हती. पाहुण्यांच्या न्याहारीसाठी रेबेलोच्या स्वयंपाकघरात तिला बोलावलं होतं. लोटा ठेवून ती गेली.

मिस्सा लांबली. ऊन पत्र्यावर चढलं. शेवटी लोक उठून वेदीकडे निघाले, तसा गोमा दोरी सोडून दाराशी आला. मी थांबलो. रेबेलोची मेव्हणी पुढच्या बाकावर हुश्श करून झगा झटकू लागली आणि रेबेलो तरातरा बाहेर गेला.

"दोरी का सोडलीस? बायका उकडून मरतायत!"

"साहेब, साक्रामेंत घेतो आन लगेच बसतो. आज शेवटचा दिस हाय."

"सगळ्यांचं होऊ दे, मग बोलावतो. ओढ!"

गोमा परत बसला. मी हललो. लोक वेदीशी गेले, जिभा पुढे केल्या, परत आले. रेबेलोही डोळे मिटून, हात जोडून जागेवर आला आणि गोमाला विसरला. साफ विसरला. मुद्दाम केलं असतं तर मला इतका संताप आला नसता. पाद्रीने पवित्र भाकरीची पेटी बंद केली. दोरीला आधी लांब ओढ होती, मग आखूड, मग नुसते हिसके. आशीर्वाद होईतो मी पुरता थांबलो होतो, पण लोक टोप्या सावरत उठले होते, कोणाच्या लक्षात आलं नाही.

सोनुबाई परतली तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता, दोरी मनगटाला तशीच. अंग भाजत होतं, घाम एक थेंब नव्हता. शेजारचा लोटा भरलेला होता. पाद्री दुपारच्या गाडीने गेला आणि रेबेलो काय बोलला होता ते तुटक शब्दांत बायकोला सांगून, दिवस मावळायच्या आत गोमाही गेला.

त्याच पडवीत रेबेलोने सोनुबाईला सांगितलं, "यंदाचा नेम त्याने पाळला नाही. आत पुरता येणार नाही."

"मग बोलावतो, आसं तुमीच बोललात ना?"

"नियम मी केलेले नाहीत, बाई."

गावी निरोप धाडला, तिथून कोणी आलं नाही. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर करवंदीच्या जाळीशी गोमाला पुरलं. खड्डा भिवाजीने खणला. माझी कप्पी दुरुस्त करायला आला तेव्हा तो हे सांगून रडला.

दोरी सोनुबाईला मिळाली. रेबेलोला तो उपकार वाटत होता. पुढच्या वर्षी पास्काच्या शेवटच्या फेरीला मात्र तो स्वतः पडवीत आला.

"सोनुबाई, जा आत. मी ओढतो."

तिने लोटा उचलला, त्याच्यादेखत घटाघटा रिकामा केला आणि पदराने तोंड पुसलं.

"मी पानी पिलंय, साहेब."

"अगं, मग तुलाही कुंपणाबाहेरच पुरतील!"

"तितंच माजा मानूस हाय."

तेव्हापासून दर वर्षी ती त्या दिवशी पाणी पिते. माझी झालर आता विरलीय, दोरी ओढताना तिचे हात कापतात. हल्ली येणारा नवा पाद्री मऊ मनाचा आहे. म्हातारीने फार सेवा केली, तिला दफनभूमीत आत जागा देऊ, असं तो परवा वेदीजवळ कोणाला तरी सांगत होता. मला तोंड नाही, पण तुम्हाला आहे. त्याला गाठून एवढं सांगा, की बाबा, तिच्यावर दया करू नकोस. तिला बाहेरच पूर.