शेवटच्या पानांना वॅक्स कुणी लावलं?

ऐका मित्रांनो, आधी फक्त ऐका. मध्येच कुणी "मग चोर कोण?" असं विचारायचं नाही. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते शेवटी कळेलच.

मी एक जुनी कादंबरी आहे. म्हणजे वय फार नाही माझं, पण अंगाकडे बघाल तर आजीच म्हणाल. कोपरे दुमडलेत, मधल्या पानांवर हेअर डायचे थेंब आहेत, मुखपृष्ठावर कुणाची तरी क्रीम लागलेली बोटं उमटलीत. आणि शेवटचं पान तर अंगावरच नाही! पण थांबा, ते नंतर.

माझ्या पोटात शलाका राहते. हौशी गुप्तहेर आणि कपड्यांची इतकी वेडी, की चोराच्या मागे धावताधावता दुकानाच्या काचेत ओढणी मॅच होते का ते बघून घेते. पण नजर कसली तिची! एका पाहुण्याचा कुर्ता बघून म्हणते, हा लग्नघरातला नव्हेच, लग्नघरात इतकी कडक इस्त्री दुपारपर्यंत टिकते होय? तर अशा एका लग्नघरातून नवरीची नथ चोरीला जाते आणि शलाका ती शोधून काढते. एवढीच माझी गोष्ट.

मी आले कशी तेही ऐका. नाशकात पुस्तकांचं प्रदर्शन होतं. म्हसरूळच्या मैनाताई तिथे सहज शिरल्या. त्यांचं दिंडोरी रोडला ब्यूटी पार्लर आहे, बाजूला ब्लाउजही शिवून देतात. माझ्या मुखपृष्ठावर पाठमोरी शलाका, ब्लाउजचा मागचा गळा हा एवढा खोल, खाली लटकन. मैनाताईंना वाटलं, ब्लाउजच्या गळ्यांचं पुस्तक आहे. उचललं, पैसे दिले आणि आल्या. घरी उघडून बघतात तर आत एक चित्र नाही, नुसती अक्षरं! परत करायला गेल्या तोवर प्रदर्शन उठलेलं. मग मला पार्लरच्या तिपाईवर टाकलं, जुन्या कॅलेंडरखाली.

तिथे मी कितीतरी दिवस पडून होते. कुणी ढुंकून बघेना. एकदा तर माझ्यावर चहाचा कप ठेवला होता, खरंच सांगते.

मग एक दिवस सुमनबाई केसांना डाय लावून बसल्या. नर्सच्या नोकरीतून नुकत्याच रिटायर झालेल्या, रिकामं बसायची सवय नाही. त्यांनी मला उचललं आणि डाय धुवायची वेळ टळून गेली तरी सोडेनात. मैनाताई हाका मारताहेत, केस लाल व्हायला आलेत, आणि बाईंचं आपलं एकच, थांब गं, हा लग्नातला फोटोग्राफर खोटं बोलतोय.

झालं! त्या दिवसापासून माझं नशीबच फिरलं. मैनाताईंनी नियम केला, पुस्तक पार्लरबाहेर जाणार नाही, वाचायचं तर इथे बसून. मग काय, बायका भुवया करायला येऊ लागल्या, ज्यांच्या भुवया मागच्याच आठवड्यात झाल्या होत्या त्यासुद्धा. कुणी समासात पेन्सिलीने लिहिलं, "दिराने चोरली". खाली दुसरीने लिहिलं, "दीर बिचारा गरीब, मावशीकडे बघा". त्याखाली तिसरी, "माझी मावशी अशीच आहे". एकीला शलाकाचा रागच यायचा, टाचांच्या चपला घालून कुणी गच्चीवर चढतं का म्हणे. आणि पुढच्या आठवड्यात तीच बाई तसल्याच चपला घालून आली!

पण माझ्या सगळ्यात लाडक्या दोघी. चैताली मैनाताईंच्या हाताखाली काम करायची, जवळच्याच कॉलनीत राहायची, दिवसभर वॅक्सिंग आणि थ्रेडिंग. आणि वेदिका, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं कोल्हापूरला, म्हणून ती फेशियल वगैरेसाठी यायची. पहिल्याच दिवशी दोघींचं भांडण. चैताली म्हणे फोटोग्राफर चोर, वेदिका म्हणे मावशी. मग दोघी डोक्याला डोकं लावून मला वाचायला लागल्या, पान उलटायला एकमेकींसाठी थांबायच्या. एकीचं काम असलं की दुसरी वाट बघायची. चैतालीशी इतकं भांडणारं याआधी कुणी नव्हतं, आणि वेदिका तिला सांगायची, घरी सगळे मला नवरीच म्हणतात, तू एकटी मला मूर्ख म्हणतेस.

पानं संपत आली. लग्नही जवळ आलं. आणि एका सकाळी बघतात तर काय, माझी शेवटची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली! मध्ये वॅक्स. त्याच्या आधीच्या पानावर शलाकाने सगळ्यांना ओळीने बसवलेलं, आता ती नाव घेणार, आणि पुढे बंद!

सगळ्यांनी सुमनबाईंकडे बघितलं, कारण आदल्या संध्याकाळी हातांचं वॅक्सिंग त्यांनीच करून घेतलं होतं. बाई अशा चिडल्या, म्हणाल्या, माझ्या हाताचं लागलं असतं तर सगळ्या पुस्तकाला लागलं असतं, नेमकी शेवटचीच पानं बरी चिकटली. आणि त्या दिवसापासून दुसऱ्याच पार्लरला जायला लागल्या! मी बघितलं होतं ना कुणी लावलं ते. पण मला बोलता कुठे येतं? पानं ओढली तर फाटतील म्हणून कुणी हात लावेना. वेदिका आणि चैताली मात्र मला पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागल्या, खुणा शोधायला. वेदिका काही काम नसतानाही यायची. नखं दाखवायला म्हणे.

लग्नाचा दिवस आला. दिंडोरी रोडचंच एक लॉन, नवरीची खोली, मैनाताई मेकअप करताहेत, आणि चैतालीच्या बॅगेत ड्रायरशेजारी मी! नियम मोडून खुद्द मैनाताईंनीच आणू दिलं मला. वेदिका डोळे मिटून बसलेली, पापण्यांवर आयलायनर ओलं. ती म्हणाली, चैताली, आज तरी शेवट वाच, संध्याकाळी मी कोल्हापूरच्या गाडीत असेन.

चैतालीने मला बॅगेतून बाहेर काढलं. मग तिने ड्रायर लावला. गरम हवा पानांवर आली आणि वॅक्स हळूहळू सैल पडायला लागलं. इतकी साधी गोष्ट! रोज ड्रायर धरणाऱ्या बाईला ती आधी सुचली नव्हती होय?

बाहेरून वेदिकाच्या झुंबरमामांनी दार वाजवलं. "आवरलं का नाय? भटजी कवाचे बोलवून ऱ्हायले."

एक पान सुटलं; चोराचं नाव होतं त्याच्या पुढच्या, शेवटच्या पानावर. पण उष्णतेने माझ्या पाठीचा डिंकही वितळला आणि शेवटचं पान अख्खंच चैतालीच्या हातात आलं. मला जे काय झालं ते मी सांगत नाही.

"वाचू नकोस," वेदिका म्हणाली. "दे इकडे."

डोळे मिटलेलेच. तिने पानावरून बोट फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "हे सांडलेलं नाहीये. पातळ, सरळ, एका हाताने ओढलेलं, दंडावर लावतात तसं. मैनाताई पुस्तकावर वॅक्स वाया घालवणार नाहीत. राहिलं कोण?"

चैतालीने ड्रायर बंद केला. मैनाताईंचा ब्रश हवेतच.

"तू वाचलं होतंस?" वेदिकाने विचारलं.

"नाही गं," चैताली म्हणाली. "वाचलं असतं तर तुला सांगून टाकलं असतं. माझ्या पोटात राहतं का काही? आणि सांगितलं असतं तर तू पुन्हा कशाला आली असतीस?"

मामांनी पुन्हा दार वाजवलं. वेदिकाने डोळे उघडले. मला वाटलं आता रडणार, आयलायनर जाणार, सगळं मुसळ केरात. पण तिने काय केलं माहितीये? पान न वाचताच वॅक्सची बाजू आत घेऊन घडी घातली, दाबली, आणि बटव्यात ठेवली. घडी लगेच चिकटली.

"आता हे उघडायला ड्रायर लागणार," ती म्हणाली. "मांडवपरतणीला माहेरी येईन तेव्हा पार्लरला येते. आणि तोवर सुमनबाईंची माफी माग, मूर्ख."

आणि गेली मंडपात, बटवा हातात घट्ट धरून.

चैतालीने दुसऱ्याच दिवशी सुमनबाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. बाई आधी खूप बोलल्या आणि मग म्हणाल्या, पान उघडाल तेव्हा मला बोलवा. आता तिपाईवर मी एकटी नाही, सगळं पार्लर मांडवपरतणीची वाट बघतंय. समासात नवीन ओळ पडलीय, "फोटोग्राफरच! —चैताली".

तर मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा हं. पानं दुमडू नका, डायचे हात पुसू नका, वॅक्स तर मुळीच लावू नका. पाठ उघडी पडली की फार गार लागतं.

पण एक सांगा. कोल्हापूरच्या त्या घरात वेदिकाच्या नणंदेचा ड्रायर आरशापाशीच पडलेला असणार. बटवा कपाटात. दुपारी सगळे झोपलेले. तिच्या जागी तुम्ही असतात, तर काय केलं असतं?