चिंता करून का

आमच्या पेंटरच्या हाताबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते माझ्या बायकोलाही अजून कळलेलं नाही. एका बंगल्याच्या फाटकावर त्यानं ‘कुत्र्यापासून सावध’ असं काही लिहिलं, की ते कुत्रंच तीन दिवस त्या फाटकातून आत जाईना. बागेतल्या बाकावर त्यानं ‘रंग ओला आहे’ लिहिलं, तर वर्षभर त्या बाकावर कुणी टेकलं नाही, आणि एक जण टेकला तो घरी जाऊन पँट धूत बसला.

हा माणूस गेल्या वर्षी आठ महिने अंथरुणाला खिळला होता. हे मात्र खरं. ताप नाही, कुठं पडला-धडपडला नाही. सकाळी डोळे उघडले की छातीत धडधड सुरू व्हायची, आणि पाय खाली टेकवायचे म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. जेवायला बसला तर घास हातात धरून बसून राहायचा. त्याची बायको शिवणकाम करते. तिनं एक दिवस मशीन बंद केलं, त्याला कपडे घातले आणि मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन आजार सांगितले, एक नैराश्याचा आणि एक चिंतेचा, आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी तो हळूहळू उठायला लागला. ब्रश मात्र धरेना, आणि चर्चमध्ये उपासनेला येईना.

उपासनेला न येण्याचं कारण त्यानं बायकोला सांगितलं होतं आणि तिनं मला. त्याचं म्हणणं असं, की ज्याचा विश्वास पक्का त्याच्या वाऱ्याला काळजी उभी राहत नाही. माझी तर पाठ सोडत नाही. म्हणजे माझा विश्वास कच्चा. मग कुठल्या तोंडानं आत जाऊ? दर रविवारी तो बायकोला चर्चच्या फाटकापर्यंत पोचवायचा आणि दीड तास समोर, सायकलवाल्याच्या छपराखाली उभा राहायचा. मी चर्चचा झाडूवाला, घंटा वाजवणारा आणि किल्ल्या हरवणारा. दारातून मला तो दिसायचा. आमची गाणी ऐकू आली की मान खाली घालायचा.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वयानं लहान, पण डोक्यानं तिरके. फाटकावरची पाटी गंजलीच होती. त्यांनी नवा पत्रा आणला आणि पेंटरला निरोप धाडला, की यावर दोन ओळी लिहून द्या. वर ‘चिंता करू नका’, खाली ‘आत या’. निरोप कुणासाठी होता ते लहान पोरालाही कळलं असतं. पेंटरला हो म्हणायला दहा दिवस लागले. पत्रा न्यायला त्याची बायको आली, तेव्हा मला म्हणाली, “काका, हे जमलं तर ते पुन्हा कामाला लागतील. नाही जमलं तर पुढचं मला माहीत नाही.”

पाटी रंगवायची एक रीत असते. आधी खडूत माखलेली दोरी ताणून ओळ मारायची, मग प्रत्येक अक्षराला किती रुंदी ते आखायचं, आणि दोन शब्दांमध्ये दोन बोटं सोडायची. विरामचिन्हं घालायची नाहीत, ती म्हणजे रंगाची नासाडी. पेंटर हे झोपेत करायचा. या खेपेला त्यानं आखलं, पुसलं, परत आखलं. अकरा वेळा. त्याला वाटे, अक्षरं वाकडी आलीत. अकराव्यांदा डोळ्यांपुढे नुसत्या खडूच्या रेघाच राहिल्या. अक्षर न अक्षर मोत्यासारखं उतरलं, फक्त ती दोन बोटांची जागा ‘न’च्या एका अंगाची दुसऱ्या अंगाला गेली.

रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी पाटीवरची चादर ओढली. मंडळींनी माना वर केल्या. वर लिहिलं होतं, ‘चिंता करून का’. खाली, ‘आत या’.

आधी कुणाच्या काही लक्षात येईना. मग मोठ्या बाईंनी मोठ्यांदा वाचलं. या बाईंनी चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. पाळकसाहेबांचं प्रार्थनेत क्रियापद चुकलं, तर त्या आमेनच्या आधी खाकरतात. त्यांनी वाचलं आणि लोकांना हसू फुटलं. वाईट हसणं नव्हतं ते. मी सगळ्यांत जास्त हसलो, मला लपवायचं नाही. हसता हसता समोर पाहिलं, तर सायकलवाल्याच्या छपराखाली कुणीच नव्हतं.

सोमवारी तो उठला नाही. मंगळवारीही नाही. ब्रश कुणाला तरी देऊन टाक, असं त्यानं बायकोला सांगितलं. इकडे मोठ्या बाई दुसरा पेंटर बघा म्हणून पाळकसाहेबांच्या मागे लागल्या. पाळकसाहेब म्हणाले, थांबा. दुसऱ्याचा ब्रश त्या पाटीला लागला, की हा माणूस आयुष्यात पुन्हा ब्रश धरणार नाही.

बुधवारी दुपारी मी बाक पुसत होतो. एक बाई आत आली. आमच्या मंडळीतली नव्हे. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. शेवटच्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, “बाहेर पाटीवर विचारलंय म्हणून आले. हो, चिंता करूनच आलेय. चालेल ना?” मी धावत जाऊन पाळकसाहेबांना उठवलं. ते म्हणतात, ते झोपले नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघं पेंटरच्या घरी गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बाईची गोष्ट सांगितली, आणि जन्मात पहिल्यांदा पदरचा एक शब्द घातला नाही. तो भिंतीलाच म्हणाला, “काका, कुत्र्याची गोष्टही तुम्ही अशीच सांगता.”

इतकी वर्षं थापा मारल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला, पुढं टिकला नाही ते सोडा.

पाळकसाहेब म्हणाले, “यांच्या तोंडून चुकून खरं निघालंय. ती आली होती. मी तिच्याबरोबर प्रार्थना केली.”

“पण ती चूक आहे,” पेंटर म्हणाला. “मला साधी दोन शब्दांमधली जागा सांभाळता आली नाही.”

“चूक माझी जास्त आहे. चिंता करू नका, आत या, असं लिहायला मीच सांगितलं. जशी काही ती ओली छत्री आहे, बाहेर ठेवून यायला.” पाळकसाहेब खाटेच्या कडेवर बसले. “पकडले जायच्या आधी प्रभू बागेत गुडघ्यांवर होते. घामानं निथळत होते. रात्रीची वेळ. तो घाम काय उन्हाचा होता?”

पेंटरनं तोंड इकडे वळवलं. “तेव्हा त्यांना कुणी म्हटलं नाही, तुमचा विश्वास कच्चा आहे म्हणून?”

“म्हणायला कुणी जागं कुठं होतं? बरोबरचे सगळे झोपलेले. जागं राहण्याचं काम एकट्या प्रभूवर पडलं. ते काम त्यांनी अजून सोडलेलं नाही. तुम्ही इथं आठ महिने पडून होतात, तेव्हाही नाही. मला याहून जास्त काही माहीत नाही, पेंटर. पण एवढं नक्की माहीत आहे.”

बायकोनं चहा आणला. तो उठून बसून प्याला. गोळीची वेळ झाली होती, गोळी घेतली. शनिवारी येऊन पाटी नीट करतो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो आला. एका डब्यात पांढरा रंग, दुसऱ्यात काळा. शिडी मी धरली. मोठ्या बाई बरोबर वाक्य कागदावर लिहून घेऊन आल्या होत्या, खाली उभं राहून तो कागद त्यांनी वर धरला. पेंटर वर गेला आणि नुसता उभा राहिला. माणसाला इतक्या जवळून आपलाच हात बघावा लागणं काही बरं नव्हे. मी नेहमी सांगतो की तो तासभर उभा होता. सात-आठ मिनिटं असतील.

पांढऱ्या डब्याला त्यानं हातच लावला नाही. बारीक ब्रश काळ्यात बुडवला, आणि ‘का’च्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. सुबक, पोटाशी गोल. मग ‘या’च्या पुढे पूर्णविराम. आणि खाली उतरला.

चिंता करून का? आत या.

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. “आता वाक्य होतंय,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो बायकोबरोबर फाटकातून आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. प्रवचनाच्या मध्येच उठून बाहेर गेला. खिडकीतून पाहिलं, तर नळाजवळ भिंतीला हात टेकून श्वास घेत होता. त्याच्या बायकोनं मान वळवली नाही, पण हातातलं गाण्यांचं पुस्तक उलटं धरलं होतं. दोन गाणी झाली. मग तो परत आला आणि तिच्या शेजारी बसला.

जाताना मला म्हणाला, “काका, आत बसून धडधड थांबत नाही.”

मी खिशात किल्ल्या चाचपत राहिलो.

“पण बाहेर उभा असायचो तेव्हा मी एकटा ती घेऊन उभा असायचो,” तो म्हणाला. “इथं तसं वाटलं नाही.”

सोमवारी तो उठला नाही. मंगळवारी दहा वाजता उठला, आणि न्हाव्याच्या दुकानावरच्या पाटीचा पत्रा मोजायला गेला.