बंद खोक्यातलं स्टेशन

मी खोका बोलतोय. रिकाम्या खोक्याचं काय ऐकायचं, असं म्हणून उठू नका. एके काळी मला हात लावण्याआधी लोक हात धुऊन यायचे.

माझ्या तोंडावर एक रेल्वे स्टेशन छापलंय. लाल छप्पर, त्यावर बर्फ, गोल घड्याळ आणि दाराशी पिवळी गाडी. हे सगळं ठोकळ्यांचं, एकाला एक जोडून उभं करायचं. ते चित्र मला दुकानात शेजारी मांडलेल्या माझ्याच भावंडांच्या तोंडावरून कळलं. पोटात काय आहे ते मात्र कळायला काही मार्ग नव्हता. कुणी हलवलं की आत खळखळ व्हायची आणि मला वाटायचं, आहे बुवा काहीतरी! ते काहीतरी म्हणजे नक्की काय, याचं कुतूहल घेऊनच मी बरीच वर्षं जगलो.

अम्मानच्या त्या दुकानातून मला मुहन्नदने नेलं, त्याच्या पहिल्या पगारातून. मला वाटलं, आज संध्याकाळी उलगडा होणार. पण त्याने मला घरी नेऊन सरळ कपाटावर चढवलं. त्याची आई, उम्म मुहन्नद, खाली उभी राहून बघत होती. खेळणं घेतलंस तर खेळ की, असं ती म्हणाली. त्यावर तो हसला. "हे खेळायचं नसतं आई, ठेवायचं असतं," म्हणाला. पुढे तो नोकरीसाठी दोह्याला गेला आणि मी कपाटावरच राहिलो.

आई मला दर गुरुवारी पुसायची. शेजारीण विचारायची, एवढा बाप्या झालेला मुलगा आणि खेळणी कसली घेतो? आई सांगायची, लहानपणी त्याला काही घेता आलं नाही आम्हाला, आता नुसतं बघून मन भरतो बिचारा. मला ते फार आवडायचं. आपण कुणाचं तरी मन भरतोय असं वाटलं की कपाटावरची धूळसुद्धा बोचत नाही.

मग एका रमझानच्या आधी घराची रंगरंगोटी निघाली. सामान हलवता हलवता आईचा जीव मेटाकुटीला आला. तेवढ्यात गल्लीत ती गाडी आली, भोंग्यावरून ओरडणारी, जुनं सामान विका, जुनं सामान विका. आईने जुना गॅसचा हीटर दिला, एक गुंडाळलेला गालिचा दिला, आणि वर माझ्याकडे बघितलं. पोरगा तिशीला टेकला, आता कसली हौस राहिलीये, असं स्वतःशीच म्हणत तिने मलाही खाली घेतलं. गालिच्यावर पडून मी घराबाहेर पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण गाडीतून शहर दिसत होतं आणि माझी मान सारखी इकडेतिकडे वळत होती. मला मान नाही, ती गोष्ट वेगळी.

शुक्रवारच्या बाजारात मी जुन्या चपलांशेजारी बसलो होतो. तिथे सुफयान आला. मोबाइल दुरुस्त करणारा माणूस, बोटं बारीक आणि नजर त्याहून बारीक. त्याने मला उचललं, कानाशी धरून हळूच हलवलं आणि माझ्या कडांवरची गोल पारदर्शक सीलं एकेक करून उजेडात पाहिली. एकही फाटलेलं नव्हतं. एक कोपरा मात्र थोडा चेपलेला होता. तिथे त्याने असा चेहरा केला की जणू त्याच्याच पायाला ठेच लागलीये. तीस दिनार मोजून त्याने मला घरी आणलं.

त्याच्या घरी मला धंदा कळला. कारखान्याने माझं स्टेशन बनवणं केव्हाच थांबवलं होतं. माझी जी भावंडं पोरांच्या हाती लागली ती सोफ्याखाली, गटारात, कुत्र्याच्या तोंडात गेली. जी बंद राहिली त्यांचा भाव चढत गेला. माझी किंमत आता चारशेच्या घरात होती. म्हणजे माणसं न खेळण्याचे पैसे देतात. हे मला अजूनही नीट उमगलेलं नाही. कुणाला उमगलं असेल तर सांगा.

सुफयानची बैठकीची खोली आमच्यासारख्या खोक्यांनी भरली होती. पाहुणे गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. पडदे कायम ओढलेले, कारण उन्हाने आमचा रंग उडतो. त्याची बायको रुला म्हणायची, घरात पोरं असती तर त्यांनाही प्लास्टिकमध्ये गुंडाळलं असतं याने. तरी ती मला जपायची, कारण मी विकलो गेलो की तिला कपडे धुवायचं मशीन मिळणार होतं. तसं ठरलंच होतं. माझ्याकडे बघताना तिला साबणाचा फेस दिसत असणार.

आणि एके दिवशी दारात उम्म मुहन्नद उभी.

झालं असं होतं की मुहन्नदचा फोन आला होता. ईदला येतोय, म्हणाला, आणि बोलता बोलता विचारलं, कपाटावरचा खोका ठीक आहे ना? आईने हो म्हटलं आणि फोन ठेवून खालीच बसली. मग तिने भोंग्याची गाडी शोधली, गाडीवाल्याकडून बाजारातला माणूस आणि त्याच्याकडून सुफयानचा पत्ता. खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचा डबा घेऊन ती आली होती.

रुलाने वेलचीची कॉफी आणली. आईने पेला हातात घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला.

आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा असा पेला ठेवतो. मुलगी मागायची असो की वैर मिटवायचं असो, यजमान शब्द देईपर्यंत कॉफी ओठाला लागत नाही. आणि पाहुण्याची कॉफी निवू देणं म्हणजे घराची अब्रू जाणं. सुफयानला वाटलं, म्हातारी कुठल्याशा जुन्या मोबाइलचं काम घेऊन आली असेल. तो सवयीने बोलून गेला, "प्या मावशी, ज्यासाठी आलात ते झालं समजा."

आईने कॉफी प्यायली. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

आईने रुमालात बांधलेले तीस दिनार काढले आणि सगळी हकिगत सांगितली. पोराचा जीव आहे त्यात, म्हणाली. सुफयानचा चेहरा बघवत नव्हता. पण शब्द गेला होता. त्याने मला स्वतःच्या हाताने पिशवीत घातलं. ती गेल्यावर रुला एवढंच म्हणाली, "आता कपडे तुझ्या शब्दावर आपटून धुते."

मी पुन्हा कपाटावर आलो. ईद झाली, मुहन्नद आला. मला खाली घेऊन त्याने सगळ्या बाजूंनी बघितलं, आणि आईचा चेहरा उजळला. मग त्याने माझे फोटो काढले, पुढून, मागून, सीलांचे जवळून. मला शंका आली. असे फोटो प्रेमाने काढत नाहीत, इतका धंदा मी शिकलो होतो.

इंटरनेटवरच्या विक्रीच्या जाहिरातीत ते फोटो सुफयाननेही पाहिले. चेपलेला कोपरा बघून त्याने मला ओळखलं आणि त्याला वाटलं, म्हातारीने आपल्याला बनवलं. रडगाणं गाऊन तीस दिनारांत नेलं आणि आता चारशेला विकतेय. दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाईक म्हणून आला. दार आईनेच उघडलं. त्याला बघून ती चपापली. मुहन्नदला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो मला मांडीवर घेऊन भाव सांगत होता. चारशे पन्नास. विकायलाच तर एवढी वर्षं राखला, म्हणाला. आई हातात तबक घेऊन दाराशीच उभी राहिली. तिचा तो बघून मन भरणारा बिचारा मुलगा कुठे गेला, हेच ती शोधत असावी. मला तिची फार कीव आली.

तिने सुफयानपुढे कॉफी ठेवली. त्याने पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला. तिच्याकडे नुसतं बघत राहिला. मागायला आलेल्या माणसाची ती नजर नव्हती.

आईने फळांच्या थाळीतली सुरी उचलली. मुलाच्या मांडीवरून मला ओढून घेतलं आणि माझी सगळी सीलं सरसर कापली.

"आई, काय केलंस! साडेचारशे दिनारांवर सुरी चालवलीस!"

"मी हा खोका भोंग्याच्या गाडीला विकला होता," आई म्हणाली. "तुला खोटं सांगितलं. या माणसाने कॉफीवर शब्द दिला म्हणून परत आला. शब्दावर मिळालेली वस्तू बाजारात जात नाही, बाळा." मग ती सुफयानकडे वळली. "आता पी."

कॉफी निवली होती. सुफयानने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि मान खाली घालून म्हणाला, "माफ करा मावशी." मुहन्नद उठून गच्चीत जाऊन उभा राहिला.

आणि माझं झाकण उघडलं! आत पिशव्या होत्या, आकडे घातलेल्या, आणि एक जाड पुस्तक. एवढंच. पण त्या पिशव्यांतून लाल दिसत होतं, पिवळं दिसत होतं, आणि मी हावऱ्यासारखा बघत राहिलो. सुफयानही वाकून बघत होता. इतकी खोकी विकली, पण आतलं आज पहिल्यांदा बघतोय, म्हणाला. जाताना म्हणाला, रिकाम्या खोक्यालाही गिऱ्हाईक असतं, टाकू नका.

आता उघडलंच आहे तर फुकट कशाला घालवायचं, म्हणून आईने जेवणाच्या चादरीवर पहिली पिशवी ओतली. पुस्तक उलटं धरून ती ठोकळे दाबू लागली. मुहन्नद गच्चीच्या दारातून बघत होता. थोड्या वेळाने, "तसं नाही गं," म्हणत आत आला, आणि मग जेवायला उठेना. सुट्टी संपेपर्यंत दोघांनी भिंती उभ्या केल्या, गाडी केली, छप्पर घातलं. भांडलेसुद्धा. तो लहानपणी कधी एवढा वेळ घरात बसला नसेल.

शेवटची पिशवी राहिली. त्यात घड्याळ आहे. आई ती फोडायला निघाली तर त्याने तिच्या हातातून घेतली आणि माझ्या तळाशी ठेवली. "ही मी परत आल्यावर," म्हणाला.

तेव्हापासून मी फ्रिजवर बसतो. आईने माझ्यात चहात टाकायचा वाळलेला मरमियाचा पाला भरलाय. त्याच्याखाली ती पिशवी आहे, अजून बंद. मी आता तिचा भाव काढत नाही. आई रोज पाला काढायला हात घालते आणि पिशवी जागेवर आहे ना, ते बोटांनी चाचपून बघते.

मुहन्नद, ऐकतोयस ना? या ईदला ये.