खुराड्यासकट जहाज

"हे जहाज माझ्यामागेही राहील," असं नरहरी देवतळ्यांनी जाहीर केलं आणि शेवटच्या डोलकाठीच्या बुडाला फेविकॉलचा थेंब लावला. ऐकायला घरात छताचा पंखा तेवढा होता, आणि तो वसाहतीच्या मालकीचा असल्यामुळे त्याने मत दिलं नाही. थेंब वाळायच्या आत डोलकाठी डावीकडे कलली. देवतळे ती दोन बोटांनी धरून उभे राहिले. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी हलले नाहीत.

जहाज म्हणजे दीड हात लांबीचं, तीन डोलकाठ्यांचं, शिडांचं गलबत. भाच्याने सुट्या तुकड्यांचा खोका परदेशातून आणला होता. आत लाकडाच्या पट्ट्या, दोरे, पितळेच्या तोफा, नांगर, एवढंच काय, खलाशांना अंडी मिळावीत म्हणून कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. माहितीचं पुस्तक इटालियनमध्ये. देवतळ्यांनी त्यातली चित्रं वाचली. ते मूळचे चंद्रपूरचे. वीजकेंद्रात नोकरी लागली म्हणून तारापूरला आले, नाहीतर समुद्र आणि ते एकमेकांच्या वाटेला गेले नसते. एकदाच ते वसईच्या खाडीत तरीच्या होडीत बसले होते. परत येताना लांबून, रस्त्याने आले.

शिडं बायकोने, मंगलाबाईंनी, मशीनवर शिवून दिली. "एवढ्या कापडात तुमचे चार बनियन झाले असते," असं प्रत्येक शिडाला म्हणत म्हणत. एक शीड राहिलं आणि त्या गेल्या. ते देवतळ्यांनी हाताने शिवलं. वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं ते पुढच्या काठीवर लोंबत होतं.

आता निवृत्ती झाली होती आणि महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. डोंबिवलीला मुलाकडे त्यांची सोय झाली होती, हॉलमधल्या दिवाणावर. जहाजाची होईना. "बाबा, तुम्ही या," सून फोनवर गोड आवाजात म्हणाली होती, "पण त्याची धूळ कोण पुसणार?"

क्लबच्या सेक्रेटरींनी कपाटावरच्या ढाली दाखवून हात जोडले. पालघरच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, तोफा पहिल्या मधल्या सुट्टीत जातील. गणेश मंडळ मात्र आनंदाने तयार झालं. मूर्ती जहाजात बसवायची आणि अनंत चतुर्दशीला जहाजासकट विसर्जन. "काका, शेवटी पाण्यात तरी जाईल ना!" देवतळ्यांनी दोन दिवस विचार केला. मनुष्य कुठवर आलेला असतो, ते अशा वेळी कळतं.

तिसऱ्या दिवशी दारात येसूबाई टोपली उतरवत होती. शेजारच्या नवापूरची कोळीण. अकरा वर्षं ती या दारात मासळी घेऊन येई. मंगलाबाई आणि ती तासतासभर बोलत. देवतळे तिच्याशी बोंबलाचा भाव सोडून काही बोलले नव्हते. तिचा नवरा समुद्रात गेला, एवढं ते बायकोकडून ऐकून होते.

"येसूबाई, जरा आत या."

"पाय वल्ले हायत, सायेब."

"असू द्या. फरशी आता माझी नाही."

ती आत आली आणि जहाजापाशी उभी राहिली. देवतळ्यांनी घसा साफ केला. समुद्राची वस्तू समुद्राच्या माणसांकडेच शोभते, घरात ठेवा, नातवंडं बघतील, असं बरंच बोलले. निरोप समारंभात बोलायचं राहून गेलं होतं, त्यातलंही थोडं त्यात आलं.

येसूबाईचं लक्ष नव्हतं. ती वाकून एका बाजूने बघून आली, मग दुसऱ्या बाजूने.

"ह्ये काय?"

"कोंबड्यांचं खुराडं."

"कोंबड्यांना घर हाय. आन मानसं कुटं हायत?"

"माणसं खोक्यात येत नाहीत."

"मंग नको." तिने पदर खांद्यावर ओढला. "रिकामी होडी मी घरात नाय नेनार. आमची एडवनच्या किनाऱ्याला लागली, ती अशीच. जालं होतं, चायची किटली होती, झाकनसुदा जागेवर. मानसं नाय."

बाहेर टोपलीवर कावळा बसला. तिने उभ्या जागेवरूनच त्याला एक शिवी दिली. तो उडाला.

"किती जण होते?" देवतळ्यांनी विचारलं.

"पाच."

"उभे असायचे की बसलेले?"

अकरा वर्षांत त्यांनी तिला विचारलेले हे पहिले दोन प्रश्न, ज्यांत मासळी नव्हती. येसूबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा मनुष्य थट्टा करतोय. मग ती खाली बसली.

"आमचं मानूस उभं. सुकानावर. बसला तं झोप लागं त्याला. दीर बसलेला, बिडी वडत. रामू म्हून एक व्हता, तो पुडं, सारका वाकून पान्यात बगं. कवा पडशील मेल्या, म्हनायचे त्याला. बाकीचे दोगं जाल्यापाशी. भांडत असतील."

माणसं कोरायला घेतली, तर खोक्यातलं उरलेलं लाकूड ठिसूळ निघालं. देवतळ्यांनी स्वयंपाकघरात जाऊन लाटणं आणलं. डोंबिवलीला पोळ्या विकत येत. तरी करवत लावण्याआधी त्यांनी ते एकदा हातात फिरवून पाहिलं. दोन्ही टोकांना मंगलाबाईंच्या तळव्यांनी ते गुळगुळीत झालं होतं. त्यातलं एक टोक त्यांनी सुकाणूवाल्यासाठी ठेवलं.

येसूबाई परत येईपर्यंत पाच माणसं झाली. प्रत्येक अर्ध्या बोटाएवढं. बिडीवाल्याच्या तोंडात झाडूची काडी. भांडणाऱ्यांतल्या एकाचा हात वर राहिला आणि खाली येईना, म्हणून तसाच ठेवला. सगळे फेविकॉलने पक्के केले.

येसूबाई पाय पुसून आत आली. या खेपेला तिने जहाजाला फेरी घातली नाही. तिचं बोट हवेतच एकेकावर थांबत गेलं. रामूवर आलं तेव्हा ती हसली. सुकाणूवर आलं तेव्हा तिने पदराचं टोक तोंडात धरलं.

"जाडा झालाय," ती म्हणाली.

"लाटण्याचा आहे."

"नाय, होताच तसा."

देवतळ्यांना वाटलं, जहाज एकदाचं मार्गी लागलं. टोपलीत मावणार नाही, पण रिक्षा ते स्वतः करून देणार होते, शिडांना वारा लागू नये म्हणून मांडीवर धरून नवापूरपर्यंत येणारही होते. हे सगळं त्यांनी तिला सांगितलं. सहा वर्षांचं काम आहे, हेही सांगितलं. मंगलाबाईंच्या शिडांबद्दल सांगताना त्यांनी पुढच्या काठीवरचं आपलं शीड उगाच नीट केलं.

येसूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ओला हात लुगड्याला पुसून पुढे केला.

"सायेब, होडी राऊ द्या तुमची. मानसं तेवडी उतरवून द्या. कागदात बांदा, मासलीचा वास लागंल."