चांदणीची सही

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण त्या दिवशी ते तापण्याआधी गरगरलं.

माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. संग्राहक मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. टीव्ही नवा नवा होता, तेव्हाच्या गायकांचे आणि निवेदकांचे सहीचे फोटो. सगळ्या फ्रेमा माझ्याकडे. त्यात एक फोटो आमच्या घरचा, चांदणीचा. टीव्हीवर पहिल्यांदा गायलेली ही बाई. लोक तिला याच नावाने ओळखायचे, सहीही हीच. बाबा तेव्हा स्टुडिओत दिवे लावायचे. "तिने स्वतः सही करून दिली मला," असं ते वर्षानुवर्षं सांगत आले, आणि काका वर्षानुवर्षं त्यांना थापाड्या म्हणत आला. कारण इतरांकडच्या चांदणीच्या सह्या कशा एका झटक्यात केलेल्या, झोकदार. आमची थरथरलेली, शेवटची वेलांटी घसरत पार कडेला गेलेली. यावरून मी काकाशी किती भांडले असेन, देव जाणे.

मंडळाचे अध्यक्ष दुकानात भिंग घेऊन बसले होते. प्रत्येक फ्रेमखाली 'अस्सल' किंवा 'नक्कल' अशी पट्टी लागणार होती. आमचा फोटो पाहून त्यांनी च्च् केलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण..."

"पण काय? माझे बाबा खोटं बोलतात?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

तेवढ्यात त्यांनी बोलावलेल्या पाहुण्या आल्या. स्टुडिओच्या टपाल विभागातून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना टपालबाईच म्हणायचे. त्यांनी चष्मा लावला, चांदणीचे बाकीचे सगळे फोटो पाहिले आणि खो खो हसत सुटल्या.

"अहो, या सगळ्या माझ्या!"

"फोटो तुमचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"सह्या हो! पोत्यांनी पत्रं यायची. चांदणीबाई म्हणायच्या, मला कंटाळा येतो, तूच कर. मी चहा पिता पिता गठ्ठा संपवायचे." मग आमचा फोटो उचलून त्या म्हणाल्या, "ही मात्र माझी नाही हं."

मला आकाश ठेंगणं झालं. अध्यक्षांना घाम फुटला. "म्हणजे अस्सल त्या नक्कल, आणि नक्कल ती..." रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "पण यांची नाही म्हणून ती चांदणीचीच, असंही नाही ना? तुम्ही वडिलांना नीट विचारा. संध्याकाळी फोन करतो. तुम्ही सांगाल ती पट्टी लावतो."

बाबा मागच्या खोलीत फ्रेमांसाठी पुठ्ठे कापत होते. मी ओरडतच आत गेले, "बाबा, जिंकलात! टपालबाई म्हणाली, ही सही तिची नाही!"

ते खूश व्हायचे सोडून घाबरले. "आणखी काय म्हणाली?"

"आणखी काय म्हणणार? चांदणीचीच आहे ना?"

"हो." हातातला पुठ्ठा बाजूला ठेवत म्हणाले, "अर्धी."

"अर्धी?"

"अर्धी माझी."

"बाबा, माझं डोकं फिरवू नका. सही म्हणजे काय पुठ्ठा आहे, अर्धा कापायला?"

त्यांनी उठून दार लावलं. माझ्या हातात पेन्सिल दिली, त्यावर आपला हात ठेवला. "हात सैल सोड. तू लिहायचं नाहीस." मला कळेना हे काय चाललंय. माझा हात आपोआप अक्षरं काढायला जाई, ते दाबून धरत. शेवटी मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पुठ्ठ्यावर तीच थरथरलेली सही होती, वेलांटी तशीच घसरलेली.

"तिला लिहिता येत नव्हतं गं," बाबा म्हणाले. "गाणी सगळी ऐकून पाठ केलेली. लोक हसतील याची फार धास्ती होती तिला. एकदा तालमीनंतर मला म्हणाली, माझं नाव माझ्या हाताने काढून दे, आणि कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं. तुझ्या आईलासुद्धा नाही."

"आणि काकाची बोलणी खाल्लीत?"

"मी कुठे खोटं बोललो? हात तिचाच होता."

मग ही सही कुणाची? चिडायचं तरी कुणावर? मला खूप वाटत होतं, हीच तेवढी अस्सल म्हणून सांगावं, काकाला हाताला धरून पट्टी वाचायला लावावी. पण अस्सल म्हटलं की भिंगवाले पुढचं विचारणारच. एवढी मोठी बाई आणि सही अशी का? ते छडा लावल्याशिवाय राहायचे नाहीत.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन वाजला. बाबा म्हणाले, "तुला वाटेल ते सांग," आणि पुन्हा पुठ्ठा ओढून बसले. कात्री काही चालेना.

"नक्कल," मी म्हटलं. "लावा पट्टी."

"नक्की ना, ताई? वडील काय म्हणतात?"

"त्यांचं नका मनावर घेऊ," मी म्हटलं. "म्हातारे झालेत, काहीही सांगत असतात."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मला रडू आवरेना.