पेटीची दुसरी कडी

फौजी सुटीवर आला तर साखरा गावात कुणी मान वर करून पाहत नाही. कायमचा आला की मात्र डीजे लागतो. रत्नपालने फोनवर एवढंच सांगितलं होतं, घरी येतोय, कायमचा. पुढचं चुलतभाऊ सुरजने आपल्या डोक्याने जोडलं. फौजेत सतरा वर्षं झाली, म्हणजे भाऊ रिटायर झाला. उतावळ्याने लगेच फ्लेक्स छापला, उघडी जीप ठरवली आणि सरपंच वैजनाथरावांना बोलावलं. जीप मारुतीच्या पारापासून मोठ्या गल्लीने जाणार होती. त्या गल्लीतून रत्नपालच्या बौद्धवाड्यातल्या कुणाची मिरवणूक आजवर निघाली नव्हती.

हिंगोलीहून आलेली एसटी फाट्यावर थांबली तेव्हा रत्नपालला आधी स्वतःचाच फोटो दिसला, बैलगाडीएवढा. खाली लिहिलं होतं, सेवापूर्ती. सेवा पूर्ण कुठे झाली होती? त्याला काढून टाकलं होतं.

डोंगरातल्या चौकीवर धुक्यात एक माणूस पळत होता. थांब म्हटलं तरी थांबला नाही. साहेबांनी गोळी घालायचा हुकूम दिला. माणूस बरोबर नेमात होता. तेवढ्यात त्याने मागे वळून पाहिलं, आणि रत्नपालचं बोट चापावरून निघालं. साहेबांनी हुकूम पुन्हा दिला, तेव्हा तो नाही म्हणाला. पळणारा गुराखी होता की आणखी कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबही वाईट नव्हते. त्यांना सगळ्या चौकीचा जीव सांभाळायचा होता. चौकशीत विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर? खोटं बोलला असता तर कदाचित निभावलं असतं. तो म्हणाला, तेव्हाही नाही. त्या वळून पाहण्याबद्दल मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. पुढे सोबत्यांनी त्याच्या शेजारी जेवायला बसणं सोडलं.

आणि आता अख्खं गाव हार घेऊन उभं. त्याची माय कमलबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे, डोळे पुसत. काही न सांगता तासभर जीपमध्ये उभं राहायचं, हात जोडायचे, बस. कोण तपासायला येणार होतं? माय एकदा तरी त्या गल्लीतून ताठ मानेने गेली असती.

साखऱ्याची रीत अशी, की परतलेल्या फौजीने आपली काळी पेटी उचलायची नाही. आधीच्या फौजीने ती कडीला धरून न्यायची. आधीचा फौजी म्हणजे सटवाजी, छातीला पदक लावून आलेला म्हातारा. तो पेटीकडे वाकला आणि रत्नपालला राहवलं नाही.

"काका, पेटीला हात लावू नका. मी रिटायर न्हाई झालो. हुकूम मानला न्हाई म्हणून काढलं मला."

डीजेवाल्याने आवाज बंद केला. वैजनाथरावांना सेनगावातलं काम आठवलं. जीप रिकामीच वळली. सुरज फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत राहिला, भावाकडे न बघता.

"काहून न्हाई मानला?" कमलबाईने विचारलं.

"पळत्या माणसावर गोळी घालायची होती, माय."

ती म्हणाली, "घरी येऊन सांगितलं असतंस तर काय झालं असतं रं?" आणि सुरजच्या मागे निघून गेली. रत्नपालला गोळीसुद्धा इतकी लागली नसती.

फाट्यावर पेटी उरली, रत्नपाल उरला आणि का कोण जाणे, सटवाजी उरला.

"हुकूम म्हंजे हुकूम," म्हातारा म्हणाला. "फौजीनं इचार करायचा नसतो."

रत्नपालने मान हलवली. हे त्याने पुष्कळांकडून ऐकलं होतं.

मग सटवाजी हळूच म्हणाला, "त्यानं मागं वळून पाह्यलं व्हतं का?"

रत्नपालने चमकून वर बघितलं. "व्हय."

"माझ्यावाल्यानं बी पाह्यलं व्हतं." म्हाताऱ्याचा हात पदकाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. "मी घातली."

मग तो वाकला आणि त्याने पेटीची एक कडी धरली. रत्नपालने दुसरी धरली. आडवाटेने जाऊ, असं रत्नपाल म्हणाला, पण सटवाजी मोठ्या गल्लीकडेच वळला. दारं उघडी होती, बाहेर कुणी आलं नाही. पेटी तेवढी कडकड वाजत होती.