भागोजीची हाळी

"आवो, येक डाव हाळी घाला नी! तुमचा आवाज वळखते ती," कातळाच्या उघड्या सड्यावर उभी राहून गोदा नवऱ्याला विनवत होती.

भागोजी कातळावर काठी आपटत पुढे चालत राहिला. दिवस कलला होता. सगळी गुरे गोठ्यात आली, तांबू तेवढी आली नव्हती. दिवस भरलेली गाय, आणि खालच्या वाडीतले वासरू बिबट्याने नुकतेच नेलेले. शेजारच्या रावजीचा ओरडून ओरडून घसा बसला. पण तांबू रावजीला कशाला ओ देते?

ही पंचाऐंशी सालची, संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीतली गोष्ट. हाळी न घालणारा गुराखी म्हणजे मिठाशिवाय पेज! पण दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी याच भागोजीची हाळी उठली की नदीपलीकडची गुरेसुद्धा मान वर करत. गोदाने नवरा पाहिला तो नंतर, आधी ऐकला. मग रत्नागिरीत भरतीवाले आले. जनावरांतला माणूस म्हणून याला खेचरांच्या पलटणीत घातले आणि ब्रह्मदेशात धाडले. परत आला तो छातीवर बिल्ला लावून, पण गप्प. "भागोजी जीभ तकडंच इसरला," असे म्हणून पोरे चिडवायची.

गोदाला मात्र त्याने सांगितले होते. जंगलात शत्रू जवळ, एक खेचर ओरडले तरी सगळी तुकडी मरायची. म्हणून लष्करातल्या डॉक्टरांनी घशाची शस्त्रक्रिया करून खेचरांचा आवाजच कापून टाकला. त्या वेळी त्यांची मुंडकी धरायला भागोजी, कारण जनावर त्याच्याच हातात शांत राही. पुढे पावसात त्याचे लाडके खेचर दरीत घसरले. तोंड उघडे, आवाज नाही. हाक मारून धीर द्यावा, तर हाक मारायला बंदी. वरून तो नुसता बघत राहिला. तेव्हापासून त्याची हाळी घशातच अडकली.

"ती लढाय सरली वो," गोदा रडकुंडीला आली. "हितं कोन ऐकनार हाय? तांबूच नी?"

भागोजी थांबला. दोन्ही हात तोंडाशी नेले. आधी नुसती हवा आली. मग एक चिरकी, म्हातारी हाळी सड्यावरून गेली.

चिरेखाणीतून तांबूने ओ दिली.

सगळे धावले. खाणीच्या तळाशी ती आडवी पडली होती, कंबर मोडलेली. भागोजी खाली उतरला. तिच्या पोटावर त्याने हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि काढून घेतला. पोटातले वासरू गेले होते.

तांबू हंबरत होती. रावजीने खांद्यावरचा टॉवेल काढला. "काका, तोंड बांदूया तिचा. आवाजान बिबट्या वाघ यील."

"हात लावू नुको!" भागोजी गरजला. मग हळू म्हणाला, "आरडू दे, रावज्या. तिला आरडायला येतंय."

त्याने तिचे मुंडके मांडीवर घेतले. ती हंबरली की तो हाळी घाली. रावजी कोयती घेऊन काठावर उभा राहिला. गोदा पदर तोंडाशी धरून रडत होती. वाडीतली म्हातारी माणसे अंगणात आली. त्यांनी आवाज ओळखला.

तांबूचे हंबरणे बारीक होत गेले, मग थांबले. भागोजीने जरा वाट पाहिली. आणखी एकदा हाळी घातली, आणि कान देऊन बसला.